बाबाजानचं नाव कोणी काढलं?

१

बाबाजान शेखच्या पत्राला सहादेव खर्ड्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात होतं, चष्म्याच्या जुन्या डबीखाली. बायको गेल्याचं कळवणारं, लहानसंच होतं. "मुबारक गेली. फार हाल झाले नाहीत. इथे कर्जतला माणसं चांगली आहेत, पण तिला ओळखणारं कोणी नाही. तू ओळखत होतास. वेळ मिळाला की चार ओळी लिही. मोठं काही नको."

त्या शेवटच्या वाक्यानेच घात केला. सहादेवांची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. लग्न केलं नाही, पुस्तकं वाचली. आता चार ओळी लिहायला बसले की प्रत्येक ओळ कुठेतरी वाचलेली निघायची. "वाचून अतीव दुःख झाले" असं लिहिलं आणि खोडलं. "काळच यावर औषध" असं लिहिलं आणि कागदच फाडला. खाडाखोड केलेला कागद बाबाजानला कसा पाठवायचा? उद्या स्वच्छ लिहू, असं म्हणत दिवाळी आली, मग उन्हाळा. बघता बघता तीन वर्षं झाली. आता तर उशीर का झाला हे सांगायलाच एक वेगळं पत्र लागलं असतं.

तरी दोघांमधला धागा तुटलेला नव्हता. निदान सहादेव तसं धरून चालत होते.

बेलापूरच्या प्रवराकाठ वाचनालयातून दर महिन्याला 'काठावरून' नावाचं एकपानी पत्र ईमेलने जायचं. गाव सोडून गेलेल्या सभासदांसाठी. नवी पुस्तकं कोणती आली, नदीला पाणी किती आहे, कोणाची मुलगी डॉक्टर झाली. मजकूर सहादेवच लिहायचे, खाली नाव मात्र घालायचे नाहीत. पत्रं पाठवण्याचं काम एका दूरच्या कंपनीकडे होतं. त्या कंपनीच्या पानावर प्रत्येक सभासदापुढे खुणा यायच्या: पोचलं, उघडलं. बाबाजानच्या नावापुढे 'उघडलं' ही खूण हमखास असायची. तीही एकदा नाही. सकाळी, दुपारी, पुन्हा दुसऱ्या दिवशी. "पठ्ठ्या पारायणं करतो," असं मनाशी म्हणून सहादेव ते पान मिटायचे. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जायचे.

आज सकाळी त्यांनी पान उघडलं, तर बाबाजानच्या नावावर करडी रेघ होती, आणि पुढे एकच शब्द.

'रद्द.'

२

सहादेवांनी पहिला संशय घेतला तो स्वतःवर. त्याची त्यांना सवय होती.

यावेळी मात्र कारणही होतं. आजवर नवी नावं कंपनीच्या पानावर हाताने टाइप करावी लागत. निवृत्तीनंतर सहादेव पुस्तकावरून पीएचपी ही संगणकाची भाषा शिकले होते, वाचनालयाची वेबसाईट त्यांनीच बांधली होती. यंदा त्यांनी ठरवलं की वेबसाईटने कंपनीशी परस्पर बोलावं. त्यासाठी मधे एक निरोप्या लागतो. त्या धंद्यात त्याला क्लायंट म्हणतात. कंपनीने तयार ठेवलेला क्लायंट त्यांनी उतरवून घेतला. कंपनीची गुप्त किल्ली एका वेगळ्या फाइलमध्ये लपवली, यादीचा क्रमांक घातला, आणि पहिला निरोप धाडला: आहेस का? पलीकडून उत्तर आलं: आहे. तेवढ्यावर सहादेव खुर्चीवरून उठून खोलीभर फिरले होते. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा बसले.

या महिन्याचं 'काठावरून' हे त्या निरोप्याने नेलेलं पहिलंच पत्र. आणि लगेच दुसऱ्या दिवशी बाबाजान रद्द.

त्यांनी सगळा कोड कागदावर छापून घेतला. पडद्यावर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे. पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासली. निरोप्याला त्यांनी तीनच कामं शिकवली होती. नवं नाव आलं तर यादीत घाल. महिन्याचं पत्र पाठव. आणि कोणी आपणहून नाव काढून घेतलं, तर त्याला दोन शब्द लिहून निरोप दे. नाव काढून टाकायचं काम त्याला येतच नव्हतं. ते शिकवायचा सहादेवांना धीरच झाला नव्हता.

म्हणजे हात माणसाचा होता. कंपनीच्या पानावर जाण्याचा पासवर्ड तिघांकडे होता. एक ते स्वतः. दुसरी वाचनालय सांभाळणारी मेहरीन. तिसरे वाचनालयाचे अध्यक्ष, अमृतशेठ नवले.

अमृतशेठ पेठेतल्या आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते.

"या सर! आज वाट चुकलात की काय?"

सहादेवांनी घसा साफ केला. कोणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना उसनं मागितल्यासारखं व्हायचं. "अध्यक्ष, मागच्या सभेत तुम्ही म्हणाला होतात... बाहेरगावची नावं कमी करा."

"म्हणालो ना. अजून म्हणतो. गावातल्या माणसाला बसायला धड खुर्ची नाही अन् आपण दुबईला पत्रं धाडतोय."

"तर मग तुम्ही... म्हणजे चुकून... कोणाचं नाव..."

"काढलं का?" अमृतशेठ मोठ्याने हसले. "सर, मी काढलं असतं तर माईक लावून काढलं असतं. कोणाचं गेलं?"

"बाबाजानचं."

अमृतशेठचं हसू ओसरलं. "आपला बाबाजान? बाइंडिंगवाला? छे, छे. अहो, त्याच्या पिशवीवर आमची आई जगली. सायकलला मासिकांची पिशवी अडकवून घरोघर फिरायचा, आठवतं ना? आईनं एकदा दिवाळी अंक जास्त दिवस ठेवून घेतला, तर हा दारात उभा. म्हणतो, 'मावशी, पुढचं घर उपाशी आहे.'" त्यांनी एका गिऱ्हाइकाला मान हलवून थांबायला सांगितलं. "त्याचं नाव मी काढीन? आईनं वरून चप्पल फेकून मारली असती."

"नाही, मी आपलं... पासवर्ड तुमच्याकडे..."

"तो तुम्हीच लिहून दिला होता. त्या कॅलेंडरमागे बघा."

कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. सहादेवांनी ते उचलून पाहिलं. चिठ्ठी आपल्या जागी होती, तिच्या चिकटपट्टीवर धूळ बसून ती तपकिरी झाली होती. आणि चिठ्ठीवरचा पासवर्ड जुना होता. क्लायंट बसवताना सहादेवांनी तो बदलला होता, आणि नवा एकाच माणसाला सांगितला होता.

मेहरीनला.

३

मेहरीन वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होती. तिच्या हाताखाली वाचनालय कधी नव्हे इतकं नीटनेटकं झालं होतं. सहादेवांनी बराच वेळ एका पुस्तकाची पानं उलटली. शेवटी तीच म्हणाली, "सर, ते पुस्तक तुम्ही उलटं धरलंय."

सहादेवांनी पुस्तक खाली ठेवलं आणि सांगून टाकलं.

ती ऐकत होती तोवर ठीक होतं. "पासवर्ड फक्त तुझ्याकडे" हे शब्द आले आणि तिचा हात थांबला.

"म्हणजे मी काढलं?"

"तसं नाही गं. मी फक्त एकेकाला..."

"एकेकाला नाही, मलाच विचारताय. बाकी कोण उरलंय?" ती कपाटाकडे तोंड करून बोलत होती. "आणि सर, यात एवढं फिरायचं काय? नावावर टिचकी मारली की आतलं पान उघडतं. कोणी काढलं, कसं काढलं, सगळं त्यात असतं. तुम्हीच शिकवलंत मला. सकाळपासून ते पान तुम्ही उघडलंच नाही?"

सहादेवांनी खाली ठेवलेलं पुस्तक सुलटं केलं.

मेहरीन वळली. त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "तुम्हाला बघायचंच नाहीये ना, सर?"

"तूच बघ," ते म्हणाले.

तिने बघितलं. मग पडदा हळूच त्यांच्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं की नाव पत्रातल्याच दुव्यावरून, म्हणजे लिंकवरून, काढलं गेलं. दुवा संगणकावरून दाबला होता. जाताना कंपनी कारण विचारते, त्या चार पर्यायांपैकी एकावर खूण केली होती: 'मी या यादीत माझं नाव कधी दिलंच नव्हतं.'

"हा दुवा ज्याचा त्याचा वेगळा असतो," मेहरीन म्हणाली. "हा बाबाजानचाचांच्याच पत्रातला आहे. इथून कोणी काही केलेलं नाही, सर."

म्हणजे मेहरीनही सुटली. तिची माफी मागायला हवी हे सहादेवांच्या लक्षात आलं, पण त्यांची नजर त्या कारणावरून हलेना. 'कधी दिलंच नव्हतं.' यादीतलं पहिलं नाव बाबाजानचं होतं. याच टेबलाशी, कर्जतला मुलाकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी, टेबलावर बोट आपटत तो म्हणाला होता, "लिही, पहिलं माझं." आणि आता तोच सांगत होता, मी नाव दिलं नव्हतं. मी तुम्हाला ओळखत नाही.

"पण सर," मेहरीन म्हणाली, "चाचांकडे संगणक कुठला? ते तर फोनवरच वाचतात."

"शाहबाजच्या दुकानात आहे." शाहबाज हा बाबाजानचा मुलगा. कर्जतला त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं.

"मग करा ना त्याला फोन."

"हो," सहादेव म्हणाले. "करतो." आणि फोन खिशात घालून घरी गेले.

४

बनुबाई जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा ते अंधारातच बसलेले होते. तिने दिवा लावला, सकाळचा डबा उघडून पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"सर, पिटलं तसंच हाय की! कुनाचा राग पिटल्यावर काढता?"

"भूक नव्हती."

"भूक न्हाई म्हनं. एकट्याला कशी लागंल?" तिच्या पदराच्या गाठीतला मोबाईल वाजला. तिने तो लांब धरून पाहिला. "ह्ये बगा, आलं परत. सकाळ न्हाई, संध्याकाळ न्हाई. फुलांचे फोटू, देवांचे फोटू. मी कुनाला म्हन्लं हुतं का, मला धाडा म्हनून? भाची धाडती. तिला तिची नणंद धाडती. कसं बंद करायचं वो सर?"

"भाचीला सांग, नको पाठवू म्हणून."

"आन् तिला वाईट वाटलं मंजी?" बनुबाईने मोबाईल परत गाठीत बांधला. "त्यापरीस येऊ द्या. कुनी आटवन तर काढतंय." दारातून ती पुन्हा वळली. "पिटलं खावा. न्हाईतर उद्या मी यायची न्हाई."

ती गेल्यावर सहादेवांनी पिठलं खाल्लं. मग शाहबाजचा नंबर काढला. तीनदा नाव पडद्यावर आणलं आणि तीनदा मागे गेले. चौथ्यांदा बोट आपोआप दाबलं गेलं.

"हॅलो, कोण?" मागे झेरॉक्सचं यंत्र चालू होतं.

"मी... बेलापूरहून. सहादेव."

"बोला, चाचा."

"बाबाजान बरा आहे ना?"

"बरे आहेत. आज विचारताय?"

सहादेवांना वाटलं फोन ठेवून द्यावा. "एक विचारायचं होतं. ते वाचनालयाचं ईमेल... तुझ्या दुकानातल्या संगणकावरून कोणी..."

"थांबा, चाचा. आधी मी बोलतो." शाहबाजने यंत्र बंद केलं असावं, एकदम शांत झालं. "अम्मी गेली तेव्हा अब्बा रोज पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसायचे. मी म्हणायचो, येईल, सहादेवचाचा लिहितील. मग म्हणालो, आजारी असतील. मग मी म्हणायचंच सोडलं. ठीक आहे, झालं ते झालं. पण आता ही काय रीत? यादीतून नाव काढायचं होतं तर गुपचूप काढायचं. वर पत्र लिहून कशाला कळवायचं?"

"पत्र? कसलं पत्र?"

"तुमचंच. खाली तुमचं नाव आहे. अब्बांनी मला पुन्हा वाचायला लावलं, त्यांना वाटलं मी चुकीचं वाचलं." शाहबाजने वाचून दाखवलं. "'आपले नाव आम्ही यादीतून काढले आहे. आजवरच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. आपला, सहादेव खर्डे.'"

सहादेवांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तीन वर्षांनी तुमच्या नावाचं पत्र आलं, चाचा," शाहबाज म्हणाला, "ते हे." आणि फोन बंद झाला.

५

ते शब्द सहादेवांचेच होते. निरोप्याला शिकवलेलं तिसरं काम. कोणी आपणहून नाव काढून घेतलं, तर त्याला कोरडं यंत्राचं उत्तर जाऊ नये, खाली माणसाचं नाव असावं, असं त्यांना वाटलं होतं. महिन्याच्या पत्राखाली कधी न घातलेलं आपलं नाव त्यांनी तिथे घातलं होतं. कोण जाणार आहे, असाही विचार मनात आला होता.

आणि निरोप्याने सांगितलं तसं केलं होतं. इकडे सहादेवांना वाटत होतं बाबाजान तोडून गेला. तिकडे बाबाजानला वाटत होतं सहादेवने तोडून टाकलं.

स्वतःपुरतं असतं तर सहादेव गप्प बसले असते. आपल्याला कोणी टाळलं तर त्यात त्यांना नवल वाटत नसे. पण कर्जतला एक म्हातारा ते पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेत होता, ते त्यांना सोसेना. त्यांनी कोडचे छापील कागद पालथे केले आणि पाठीवर लिहायला सुरुवात केली.

बाबाजानला नाव गेल्याचं वाईट वाटलंय. म्हणजे ते त्याने काढलेलं नाही. शाहबाज मलाच जाब विचारतोय. म्हणजे त्यानेही नाही. अमृतशेठकडे पासवर्ड जुना. मेहरीन आणि मी, दोघंही इकडचे. नाव तर बाबाजानच्या पत्रातल्या दुव्यावरून गेलं. म्हणजे बाबाजानचं पत्र आणखी कोणाच्या तरी पुढ्यात होतं. त्या माणसासमोर संगणक होता. आणि त्याने कारणापुढे खूण केली ती खोटी कशाला करील? त्याने खरंच नाव दिलेलं नव्हतं.

बाबाजानचं पत्र त्याच्याकडे गेलं कसं?

सहादेवांची पेन्सिल थांबली. कानात दोन आवाज आले, एकामागून एक. 'मी कुनाला म्हन्लं हुतं का, मला धाडा म्हनून?' आणि त्याच्याही मागून, सायकलच्या घंटीसकट: 'मावशी, पुढचं घर उपाशी आहे.'

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. मेहरीनला पाहताच म्हणाले, "काल मी तुझ्यावर संशय घेतला. चूक झाली."

"चावी तर काढू द्या, सर," ती म्हणाली. पण हसली.

त्यांनी वेबसाईटवरून स्वतःचा पत्ता यादीत घातला. निरोप्याकरवी 'काठावरून' स्वतःलाच पाठवलं. फोनवर ते आलं, तसं त्यांनी ते पुढे मेहरीनला पाठवलं.

"उघड. संगणकावर. आणि समज की तू आम्हाला ओळखत नाहीस. हे पत्र तुला कुठून आलं तेही माहीत नाही. काय करशील?"

मेहरीनने पत्र उघडलं. सगळ्यात वर, नदीच्या पाण्याच्याही आधी, ठळक अक्षरांत ओळ होती: 'हे पत्र नको असल्यास कृपया येथे दाबावे. आम्हाला वाईट वाटणार नाही.'

"हे दाबीन," ती म्हणाली, आणि दाबलं. कारण विचारलं तेव्हा 'नाव कधी दिलंच नव्हतं' यावर खूण केली.

क्षणभरात सहादेवांच्या हातातला फोन थरथरला. 'आपले नाव आम्ही यादीतून काढले आहे. आजवरच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. आपला, सहादेव खर्डे.'

"अय्या, सर! दाबलं मी आणि गेलात तुम्ही!"

"पुढे पाठवलेल्या पत्रात दुवा पाठवणाऱ्याचाच राहतो," सहादेव म्हणाले. "बाबाजान पूर्वी मासिकं फिरवायचा तसं हे फिरवतोय. वाचून झालं की पुढच्या घरी. त्यातल्या एका घराला वाटलं, हे आपलं नाही, उगाच येतंय. त्याने सभ्यपणे दार लावून घेतलं. ते दार बाबाजानचं निघालं."

बोलता बोलता त्यांना आणखी एक गोष्ट उमगली आणि ते थांबले. सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशी आलेल्या त्या 'उघडलं'च्या खुणा. पुढे पाठवलेलं पत्र कोणीही उघडलं, तरी खूण बाबाजानच्याच नावापुढे पडत होती. ती बाबाजानची पारायणं नव्हती. ती दुसरीच माणसं होती, कधी न पाहिलेली. इतके दिवस ज्या सोबतीवर त्यांनी दोन घास जास्त खाल्ले, ती अनोळखी लोकांची होती. ते खुर्चीवर बसले.

"पण सर," मेहरीन म्हणाली, "चाचा तर पहिल्यापासून पुढे पाठवत असतील. मग याच महिन्यात कसं काय?"

हा प्रश्न त्यांना रात्रीच पडला होता, आणि उत्तरही सापडलं होतं. त्यांनी मान खाली घातली. "आधी ती ओळ पत्राच्या तळाशी असायची. इंग्रजीत, बारीक, फिकट. कोणाला दिसायचीसुद्धा नाही. क्लायंट बसवताना पत्राचा नमुना मी नव्याने केला. मला वाटलं, असं लपवणं बरं नाही. लोकांना उगाच आपला त्रास नको. म्हणून वर घेतली. मराठीत."

मेहरीनने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. "सर, म्हणजे पाहुणा उंबऱ्यात पाय ठेवतोय आणि तुम्ही म्हणताय, निघायचं असेल तर निघा, आम्हाला वाईट वाटणार नाही."

"हो ना."

"आणि वाटलं किती!"

शाहबाजला फोन मेहरीननेच केला. सहादेव शेजारी उभे राहून टेबलाची कड चोळत राहिले. संध्याकाळी त्याचा उलट फोन आला. तो घरोघर विचारून आला होता. बाबाजान दर महिन्याला ते पत्र सलूनवाल्याला पाठवायचा, एका निवृत्त तलाठ्याला पाठवायचा, आणि या महिन्यापासून शाळेच्या ऑफिसातल्या मोनिका मॅडमनाही.

"अब्बा त्याला पिशवीच म्हणतात," शाहबाज सांगत होता. "मोनिका मॅडम म्हणाल्या, 'मला वाटलं दुसऱ्या कोणाचं तरी पत्र चुकून माझ्याकडे येतंय. इतकं घरचं लिहिलेलं होतं की वाचायला लाज वाटली.' आता त्या रडकुंडीला आल्यात. म्हणतात, माझं नाव खरंच घाला." मग त्याने विचारलं, "चाचा आहेत का तिथे?"

मेहरीनने फोन पुढे केला. सहादेवांनी तो कानाला लावला.

"चाचा, मी अब्बांना सांगितलं सगळं. तुम्ही काढलं नव्हतं म्हणून." शाहबाजचा आवाज कालचा नव्हता. "ते काही बोलले नाहीत. नुसते 'अच्छा' म्हणाले."

६

सहादेवांनी ती ओळ पुन्हा तळाशी नेली, मराठीतच ठेवली. निरोपाच्या पत्राखालचं आपलं नाव काढून टाकलं. मग निरोप्याला पहिलं काम सांगितलं: बाबाजान शेख, यादीत घाल.

पलीकडून नकार आला. 'हा सभासद आपल्या दुव्यावरून बाहेर पडला आहे. त्याला परत घेण्यासाठी त्याची स्वतःची संमती लागेल.'

त्यांनी पुन्हा सांगितलं, वेगळ्या पद्धतीने. पुन्हा तोच नकार.

"बरोबरच आहे," मेहरीन म्हणाली. "नाहीतर कोणीही कोणालाही परत ओढेल. चाचांना एक दुवा पाठवू का? दाबला की झालं. शाहबाजभाई करून देतील."

"दे पाठवून," असं म्हणायला सहादेवांनी तोंड उघडलं होतं. सोपं होतं ते. बाबाजानला आता ठाऊक होतं की नाव त्यांनी काढलं नव्हतं. नाव कोणी काढलं याचं उत्तर मिळालं होतं, अगदी मोनिका मॅडमच्या टेबलापर्यंत. पण 'अच्छा' म्हणून जो माणूस गप्प झाला, त्याने ते कधी विचारलंच नव्हतं. त्याने मागितल्या होत्या चार ओळी.

"नको," ते म्हणाले. "मी लिहितो."

सकाळी त्यांनी खण उघडला, डबीखालचं पत्र काढलं आणि समोर ठेवलं. यावेळी पुस्तकांच्या शेल्फाकडे पाठ करून बसले. पेन हातात धरून त्यांनी बाबाजानचं दुकान आठवलं. पुठ्ठ्यांचे ढीग. स्टोव्हवर रटरटणारी, पुठ्ठे चिकटवायची खळ, तिच्यात कसर लागू नये म्हणून टाकलेला निळा मोरचूद, आणि पदराने कढई धरून ढवळणारी मुबारकबी. मग लिहायला लागले.

"बाबाजान,

भाभी खळ ढवळताना मला म्हणायच्या, 'वास घ्या भाऊजी, पण चाखू नका. हे पुस्तकांचं जेवण आहे.' मी रोज संध्याकाळी पुस्तकांसाठी येतो असं तुला वाटायचं. पुस्तकं माझ्याकडेही होती. तुमच्याकडे तुम्ही दोघं होतात. भाभी गेल्याचं कळलं तेव्हा मी त्या बंद दुकानासमोर जाऊन उभा राहिलो होतो. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. चांगलं लिहिता येईना म्हणून लिहिलं नाही. हेही चांगलं झालेलं नाही.

तुझं नाव मला परत घालता येत नाही. तू हो म्हणालास तरच येतं. हो म्हण.

सहादेव"

चार ओळींच्या झाल्या कितीतरी. 'तेव्हाच'च्या जागी आधी काहीतरी दुसरं लिहून ते खोडलं होतं, ती खाडाखोड तशीच राहिली. पाकिटावर पत्ता घालताना जुन्या सवयीने 'जि. अहमदनगर' लिहिलं गेलं. त्यावर आडवी रेघ मारून त्यांनी वर 'अहिल्यानगर' केलं. दुसरं पाकीट खणात होतं. हात तिकडे गेला, आणि परत आला. तिकीट त्यांनी जिभेने ओलं करून चिकटवलं.

बनुबाई डबा घेऊन वाटेतच भेटली. "सर, ह्या टायमाला कुटं? जेवन?"

"आलोच. पोस्टात जाऊन येतो."

"पोस्टात? आता कोन पत्रं धाडतं वो?"

"मी," सहादेव म्हणाले.

पोस्टासमोरच्या लाल पेटीपाशी ते जरा वेळ थांबले. मागून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत गेली. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, थोडा वेळ टोकाला धरून ठेवलं, आणि सोडलं. पेटी रिकामी असती तर तळाशी टप्प असा आवाज आला असता. ते कान देऊन उभे राहिले. आवाज आला नाही. आत आधीची काही पत्रं असणार.